पंचावन्नाव्या वर्षी आफ्रिकेतली तंबूतली सफारी झेपेल का?

तुम्ही विचारलंय की पुण्यात राहता, वय 55, शाकाहारी आहात आणि मैत्रिणीबरोबर नामिबिया, बोट्स्वाना, व्हिक्टोरिया धबधबा अशी तीन आठवड्यांची ट्रकमधली सफारी करायची आहे. मग तंबूतली घ्यावी की लॉजवाली?

तंबूतलीच घ्या. आम्ही दोघं जुलैत गेलो तेव्हा मी 58 चा होतो, बायको 56 ची. कोथरूडच्या फ्लॅटबाहेर तंबूत झोपायची सवय दोघांनाही नव्हती. गुडघ्यांची परीक्षा घरीच घ्या: जमिनीवर मांडी घालून जेवा आणि एका हाताचा आधार घेऊन उठा. तेवढं जमत असेल तर तंबूतली उठबस जमते. तंबू आपला आपणच लावायचा असतो, पण तिसऱ्या दिवसानंतर दहा मिनिटांचं काम होतं.

खरा त्रास थंडीचा. आफ्रिका म्हणजे ऊन असं धरून आम्ही एकेक स्वेटर आणि पातळ स्लीपिंग बॅग नेली होती. आपल्याकडे पाऊस असतो तेव्हा तिथे हिवाळा असतो, आणि नामिबच्या वाळवंटात रात्री पारा शून्याच्या आसपास जातो. त्या वाळवंटातल्या सेस्रिएमच्या तळावर पहिल्या रात्री आम्ही होते नव्हते ते सगळे कपडे चढवून बसून राहिलो. पहाटे बायकोला पायांची बोटं जाणवेनात, तेव्हा मला खरोखर भीती वाटली. तेव्हा शून्य अंशाला चालेल अशी स्लीपिंग बॅग, कानटोपी, लोकरीचे मोजे आणि थर्मल घ्याच. यात काटकसर नको.

त्याच सकाळी डेडव्ले पाहिलं. त्साउचाब नदीची वाट वाळूच्या टेकड्यांनी अडवली आणि मागे पांढऱ्या मातीचं तळ उरलं. त्यात बाभळीच्याच गोतावळ्यातली झाडं सहा-सातशे वर्षांपासून वाळून काळी उभी आहेत. हवा इतकी कोरडी की लाकूड कुजतच नाही. बायको तिथे बराच वेळ काही न बोलता उभी होती.

नामिबियातल्या एटोशा अभयारण्यात ओकाउकेजोच्या तळावर मुक्काम आहे ना, ते आराखड्यात आधी बघा. एटोशाचं मिठागर सुमारे 4,800 चौरस किलोमीटरचं, म्हणजे पुणे जिल्ह्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा. पण मला आठवतो तो तळाच्या कुंपणालगतचा पाणवठा. रात्रभर तिथे दिवे असतात. अंगाभोवती ब्लँकेट गुंडाळून आम्ही साडेबारापर्यंत बाकावर बसलो. काळा गेंडा आला, पाण्यात पडलेल्या आपल्याच सावलीसमोर थबकला आणि प्यायला लागला. त्या शांततेत त्याचा प्रत्येक घोट ऐकू येत होता.

आणि ओकावांगो, म्हणजे बोट्स्वानातला त्या नावाच्या नदीचा त्रिभुज प्रदेश. खडकवासल्यातून पाणी सोडलं की काही तासांत भिडे पूल पाण्याखाली जातो, हे तुम्ही पाहिलंच असेल. ओकावांगोचं पाणी अंगोलाच्या डोंगरांत साधारण डिसेंबर ते मार्चमध्ये पडतं आणि जमिनीला उतार जवळजवळ नसल्यामुळे चार-पाच महिने सरकत सरकत येतं. म्हणून भोवती सगळं कोरडं असताना, जून ते ऑगस्टमध्ये, तिथे पूर असतो. ते पाणी समुद्राला मिळतच नाही, काही जमिनीत मुरतं आणि बहुतेक हवेत उडून जातं. बोट्स्वानात पावसाला ‘पुला’ म्हणतात आणि चलनाचं नावही पुलाच. दुष्काळ पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

तिथे मोकोरोतून जायचं. ही अरुंद, चपटी होडी. पूर्वी एका खोडातून कोरायचे, आता झाडं वाचावीत म्हणून बहुतेक फायबरची असते. होडीवाला मागे उभा राहून लांब काठीने ढकलतो. आपण इतके खाली बसतो की कमळाची पानं कोपराला लागतात. आमच्या होडीवाल्याने एक लव्हाळा हलकेच वाकवून दाखवला, त्यावर नखाएवढा पट्टेदार बेडूक चिकटला होता. दहा मिनिटांनी पाणघोड्याचा आवाज आला तेव्हा त्याने तोंडातून शब्द न काढता होडी गवतात घातली. ही माणसं सांगतील ते निमूट ऐका.

होडीने ज्या बेटावर मुक्कामाला जातो, तिथे तळाला कुंपण नसतं. तंबूत खाण्याची वस्तू ठेवायची नाही, फळही नाही. रात्री बाहेर पडण्याआधी चेन थोडी उघडून टॉर्च चौफेर फिरवायचा. डोळे चमकले तर आतच थांबायचं. आमच्या तंबूपासून वीस पावलांवर हत्ती फांद्या मोडत होता, जवळजवळ तासभर. आम्ही एकमेकांचा हात धरून पडून होतो. लॉजच्या भिंतीआड ही रात्र मिळाली नसती, म्हणून मी तंबूवर एवढा अडून बसलोय.

जेवणाची काळजी नको, फक्त बुकिंग करतानाच शाकाहारी असल्याचं लेखी कळवा. पॅप म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकडच, वर टोमॅटो-कांद्याचा रस्सा. आम्ही मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती चौथ्या दिवसापासून सगळा ट्रक खात होता. भांडी पाळीपाळीने घासायची, आणि फडक्याने न पुसता हवेत हलवून वाळवायची.

मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना महिनाभर आधी भेटा. त्या आधी सुरू करून परत आल्यावरही घ्यायच्या असतात. विमान नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे असेल तर यलो फीव्हरच्या लशीचंही विचारा, ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. टणक सूटकेस ट्रकच्या कप्प्यात बसत नाही, मऊ बॅगच न्या. बोट्स्वानात गुरांचा लाळ्या-खुरकूत रोग पसरू नये म्हणून नाके आहेत, तिथे बुटांचे तळवे औषधाच्या पाण्यात बुडवावे लागतात. घाबरू नका.

काही दिवशी चारशे-पाचशे किलोमीटर नुसतं बसून काढायचे असतात, ते मात्र कंटाळवाणे आहेत. म्हणून आराखडा निवडताना ओकावांगोत किमान दोन रात्री आहेत ना, ते बघाच. एकच असेल तर संध्याकाळी पोचून सकाळी निघावं लागतं आणि होडीत बसायला जेमतेम दोन तास मिळतात.