झेब्राफिशच्या रेटिनावर पीएचडी करायला जर्मनीत यायचं असेल तर

तू विचारलंयस की बायोटेकमध्ये एमएस्सी झाल्यावर झेब्राफिश या प्रयोगशाळेतल्या छोट्या माशाच्या रेटिनाची (डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्याची) पुनर्निर्मिती या विषयावर पीएचडी करायला जर्मनीत यावं का, पगारात भागतं का, आणि बाबांना रेटिनायटिस पिग्मेंटोसा, म्हणजे रेटिनाच्या पेशी हळूहळू मारणारा जनुकीय आजार, आहे तर या कामाचा त्यांना काही उपयोग होईल का. तिसरा प्रश्न तू शेवटच्या ओळीत घातलास, पण खरा प्रश्न तोच आहे असं मला वाटलं, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते.

आपल्या प्रबंधातून बाबांची नजर परत येईल, या आशेवर घर सोडू नकोस. त्यांच्यासाठी जे करायचं ते आत्ताच कर, निघण्याआधी: रेटिनाच्या डॉक्टरांना विचारून त्यांची जनुकीय तपासणी करून घे. या आजाराला बरीच वेगवेगळी जनुकं कारणीभूत असतात. त्यातल्या आरपीई६५ या एका जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील, तर त्यावर ल्युक्स्टर्ना ही जनुकोपचार पद्धत आहे. तिला अमेरिकेत २०१७ मध्ये आणि युरोपात २०१८ मध्ये मान्यता मिळाली. फार थोड्या रुग्णांना ती लागू पडते. पण कोणतं जनुक बिघडलंय हे माहीत असलं, तर पुढे एखाद्या नव्या उपचाराची चाचणी सुरू झाल्यावर बाबा तिच्यात बसतात का, हे तरी लगेच कळतं.

आता माशाकडे वळते. तू वाचलं असशीलच, तरी थोडक्यात सांगते, कारण कोणती लॅब निवडायची ते यावरच ठरतं. रेटिनाच्या सगळ्या थरांतून उभ्या गेलेल्या म्युलर ग्लिया पेशी आपल्याही डोळ्यात असतात. आपल्याकडे इजा झाली की त्या फुगतात, व्रण धरतात आणि तिथेच थांबतात. माशाच्या प्रकाशग्राही पेशी प्रखर प्रकाशाने मारल्या, तर साधारण दोन दिवसांत म्युलर ग्लिया पुन्हा विभाजनाच्या चक्रात शिरतात. पेशीचं केंद्रक बाहेरच्या थराकडे सरकतं, तिथे विभाजन होतं. त्यातली एक पेशी म्युलर ग्लियाच राहते आणि दुसरी भराभर वाढून नव्या न्यूरॉनना, म्हणजे चेतापेशींना, जन्म देते. चौथ्या दिवसाचा रेटिनाचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली ठेवलास, तर म्युलर पेशींच्या धाग्यांना धरून वर चढणारे, विभागणाऱ्या पेशी दाखवणाऱ्या रंगाने चमकणारे केंद्रकांचे उभे घोस दिसतील. इतकी वर्षं झाली, तरी असा काप चांगला उतरला की मी शेजारच्या बाकावरच्याला हाक मारून दाखवते. महिनाभरात रेटिना भरून येतो.

हे कसं घडतं, त्यातलं बरंच आता कळलंय. अमेरिकेत अ‍ॅन आर्बरच्या डॅनियल गोल्डमन यांच्या लॅबने २०१० मध्ये दाखवलं की इजेनंतर म्युलर ग्लियात एएससीएल१ए हे जनुक जागं होतं, त्याने लिन२८ हे प्रथिन वाढतं आणि पेशीला आवर घालणारा लेट-७ हा मायक्रोआरएनए (जनुकांचं काम दाबणारा छोटा रेणू) कमी होतो. सिअ‍ॅटलच्या टॉम रे यांच्या गटाने २०१७ मध्ये प्रौढ उंदराच्या म्युलर ग्लियात एएससीएल१ (त्याच जनुकाचं सस्तन प्राण्यांतलं रूप) चालू केलं, सोबत डीएनएची घट्ट गुंडाळी सैल करणारं औषध दिलं, आणि इजा झालेल्या रेटिनात नवे न्यूरॉन तयार झाले. २०२० मध्ये मासा, कोंबडीचं पिल्लू आणि उंदीर या तिघांची तुलना करणारं मोठं काम आलं. उंदराच्या म्युलर ग्लियाही इजेनंतर आधी जाग्या होऊ लागतात, मग एनएफआय गटाची जनुकं त्यांना पुन्हा शांत करतात, असं त्यात दिसलं. म्हणजे सस्तन प्राण्यांत ही क्षमता दाबून ठेवलेली असावी, निदान काही अंशी. माझा या विषयावरचा विश्वास त्यामुळेच टिकून आहे.

पण तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. हे बहुतेक प्रयोग अचानक केलेल्या इजेवर आहेत: प्रखर प्रकाश, सुईची टोचणी, औवाबेनसारखं विष. बाबांचा आजार मात्र वर्षानुवर्षं हळूहळू पेशी मारत जातो. माशातसुद्धा दंड पेशी (अंधुक उजेडात पाहणाऱ्या प्रकाशग्राही पेशी) हळूहळू, एकेक करून मरत राहिल्या तर म्युलर ग्लिया फारशा जाग्या होत नाहीत. बाहेरच्या थरातल्या दंड पेशींच्या पूर्वज पेशीच ती तूट भरून काढतात. शिवाय नव्या पेशीतही जुनंच बिघडलेलं जनुक असतं, त्यामुळे तीही पुढे मरणारच. म्हणून देश कोणता हे नंतर बघ. आधी या संथ ऱ्हासावर, किंवा इजेची खबर म्युलर ग्लियापर्यंत पोहोचते कशी यावर, मनापासून काम करणारी लॅब शोध. मरणाऱ्या पेशींतून निघणारे संकेत आणि मायक्रोग्लियाची (रेटिनातल्या रोगप्रतिकारक पेशींची) भूमिका यावर सध्या विचार करण्यासारखं खूप आहे.

जर्मनीत या माशाची परंपरा मोठी आहे. ट्युबिंगनला क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड यांच्या गटाने हजारो उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेले) मासे तपासले, ते निष्कर्ष १९९६ मध्ये छापून आले. कार्ल्सरूहला युरोपचं झेब्राफिश संसाधन केंद्र आहे, तिथून वाण मागवता येतात. ड्रेस्डेनला मिशाएल ब्रांड यांच्या गटाने माशाच्या मेंदूच्या आणि रेटिनाच्या पुनर्निर्मितीवर बरीच वर्षं काम केलं आहे, आणि तिथेच मारिउस आडर मानवी पेशींपासून वाढवलेल्या रेटिनावर व प्रत्यारोपणावर काम करतात. मासा आणि माणूस एकाच शहरात असणं हा मोठा फायदा आहे. त्याचा नीट विचार कर.

मुलाखतीत प्रत्येक जण प्रोजेक्टबद्दल विचारतो. तू परवान्याबद्दल विचार. युरोपीय संघाच्या २०१० च्या नियमांनुसार माशाची अळी (अंड्यातून निघालेलं पिल्लू) स्वतः खाऊ लागली की, झेब्राफिशमध्ये साधारण पाचव्या दिवसापासून, तिच्यावरचा प्रयोग हा प्राण्यावरचा प्रयोग धरला जातो. प्रौढ माशाच्या डोळ्याला इजा करायची तर राज्याच्या प्राधिकरणाची मंजुरी लागते आणि तिला सहज महिने जातात. लॅबच्या चालू परवान्यात तुझा प्रयोग बसतो का, तुझं नाव त्यात कधी घालतील, प्राणीप्रयोगाचा कोर्स कधी आहे, हे स्पष्ट विचार. दुसरा प्रश्न वाणांचा. मासा अंडी घालण्याजोगा व्हायला जवळपास तीन महिने लागतात. नवा ट्रान्सजेनिक (बाहेरचं जनुक घातलेला) वाण पक्का करायचा तर दोन-तीन पिढ्या जातात, आणि रेटिनाचे प्रयोग पूर्ण वाढलेल्या माशांवर करायचे असतात. तीन वर्षांच्या करारात पहिलं वर्ष असंच निघून जातं. तुला लागणारे मासे आज टाकीत पोहत असतील, तर ती लॅब अर्धी लढाई जिंकलेली आहे असं समज.

पैशाचं थोडक्यात. इथे पीएचडी ही बहुतेकदा नोकरी असते. टीव्ही-एल या राज्यांच्या सरकारी वेतनश्रेणीतल्या ई१३ पगाराच्या ६५ टक्के हा नेहमीचा करार, म्हणजे महिन्याला सुमारे ३,००० युरो. कर आणि विमा कापून हातात साधारण २,००० येतात. एकट्याचं नीट भागतं, थोडे घरीही पाठवता येतात. पीएचडीला शिकवणी शुल्क नसतं, फक्त सेमिस्टरची वर्गणी. कराराची प्रत हातात आल्याशिवाय राजीनामा, तिकीट काहीही करू नकोस. आणि एक कायदा आत्ताच माहीत असू दे: विद्यापीठात मुदतीच्या करारावर पीएचडीपूर्वी सहा आणि पीएचडीनंतर सहा वर्षांपर्यंतच काम करता येतं, काही अपवाद सोडून. कायमची जागा मिळणं अवघड आहे. हे कळून आलास तर पुढे जड जात नाही.

लॅबमध्ये इंग्रजी चालतं, पण माशांची देखभाल करणाऱ्यांशी जर्मन बोलावं लागतं, आणि तुझे मासे जगवणारी माणसं तीच आहेत. जर्मनच्या बी१ या मधल्या पातळीपर्यंत ये. कामाला मात्र सुटी नसते. संध्याकाळी नर-मादी पडद्याआड ठेवायचे, सकाळी दिवे लागले की पडदा काढायचा आणि जाळीखाली पडलेली अंडी गोळा करायची. रविवार असला तरीही. बाबांसाठी अचानक निघावं लागलं तर मासे कोण बघेल, हेही आधीच विचारून ठेव. चांगल्या लॅबमध्ये याचं उत्तर लगेच मिळतं.

परदेशच हवा असंही नाही. गोल्डमन यांच्या लॅबच्या त्या २०१० च्या पेपरचे पहिले लेखक राजेश रामचंद्रन आता मोहालीच्या आयसर या विज्ञान संस्थेत याच विषयाची लॅब चालवतात. बाबांपासून एका रात्रीच्या अंतरावर राहून हेच प्रश्न विचारता येत असतील, तर त्यांनाही अर्ज कर, आणि तो दुय्यम पर्याय समजून करू नकोस.

कोणत्याही लॅबप्रमुखाला मेल लिहिताना त्यांच्या अलीकडच्या एका पेपरमधली एक आकृती निवड, तिच्यावरून तुला पडलेला प्रश्न चार ओळींत लिही, आणि बाबांचा उल्लेख करायचा असेल तर एकाच वाक्यात कर. मसुदा तयार झाला की मला पाठव, मी वाचून सांगते.