स्किप्टनच्या बाजारात टूटू

'मॅडम, मला आवडतं, पण लाज वाटते. लोक काय म्हणतील?' गेल्या काही वर्षांत समुपदेशन करताना हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की समोरची व्यक्ती 'मला आवडतं' म्हणून थांबली, की पुढचं मला कळतं. पन्नाशीत पोहायला शिकायचंय पण पोहण्याचा पोशाख नको वाटतो, अशा बाई. लावणी शिकायची इच्छा बायकोलाही न सांगितलेले बँकेतले गृहस्थ. निवृत्तीनंतर गाणं शिकायचंय, पण शेजाऱ्यांना आवाज जाईल म्हणून खिडक्या लावून रियाझ करणाऱ्या आजी. या सगळ्यांना उत्तर म्हणून मी एक गोष्ट सांगते. जिची आहे तिने सांगायला परवानगी दिली आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. तिला आपण लीड्सच्या ताई म्हणू.

ताई मूळच्या सांगलीच्या. वय 47, इंग्लंडमध्ये वीस वर्षं, औषधनिर्माणाचं काम, मुलं कॉलेजात. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्या प्रौढांच्या बॅले वर्गात जाऊ लागल्या. आमच्या भेटी व्हिडिओवर व्हायच्या. पहिल्या दोन भेटींत त्या झोपेबद्दल बोलल्या, तिसऱ्या भेटीत कपाट उघडून दाखवलं. आत एक टूटू, म्हणजे बॅले नाचताना घालायचा जाळीचा ताठ घेर, उलटा टांगलेला होता. जाळीचे थर खाली लोंबू नयेत म्हणून तो उलटाच टांगतात, हे मला तेव्हा कळलं. बारा थर होते. सर्वांत खालचा थर बोटभर रुंदीचा, मग प्रत्येक थर थोडा थोडा रुंद. प्रत्येकाला हाताने चुण्या घातलेल्या आणि थर एकमेकांना सैल टाक्यांनी अडकवलेले, म्हणजे घेर ताटासारखा सपाट राहतो. आठ महिने रात्री बसून त्यांनी तो शिवला होता.

"घातलात का कधी?"

"आरशासमोर. दार लावून."

"वर्गात?"

"छे! हे वय आहे का? लोक काय म्हणतील?"

मी त्यांना कागद घ्यायला सांगितला. "लोक म्हणजे कोण? नावं लिहा." हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते. माणसाला वाटतं, आपण अख्ख्या जगाला भितो. यादी करायला बसवलं की जग पाच-सहा नावांत संपतं. ताईंच्या कागदावर चारच नावं आली. चौघंही सांगलीची. पहिलं नाव थोरल्या आत्याचं. तेरा वर्षांच्या असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात त्या नाचल्या, तेव्हा आत्या सगळ्यांदेखत म्हणाली होती, "एवढं धूड स्टेजवर नाचवायचं म्हणजे!" त्यानंतर नाच बंद. आत्या जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"म्हणजे लीड्समधल्या एकाचंही नाव यात नाही," मी म्हटलं.

त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. पण एवढ्याने कुणी सुटत नाही. समजणं आणि अंगवळणी पडणं यांत मोठं अंतर असतं, आणि ते चालूनच कापावं लागतं. माझी जडणघडण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांतली, डॉ. कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या परंपरेतली. एलिस आपल्याकडे आलेल्या माणसांना केळ्याला दोरी बांधून, कुत्रा फिरवावा तसं ते रस्त्यातून फिरवून आणायला सांगत. कुणाचं नुकसान नाही, कायदा मोडत नाही, फक्त लाज वाटते. लाज वाटूनही आपण शाबूत राहतो, हे शरीराला कळावं म्हणून. मी मात्र केळं देत नाही. मला वाटतं, जे मनापासून आवडतं त्याच्यासाठी लाज सोसावी. त्या सोसण्याला मग अर्थ येतो.

जागा ताईंनीच निवडली. स्किप्टन. लीड्सहून रेल्वेने साधारण पाऊण तास, यॉर्कशरमधलं बाजारपेठेचं जुनं गाव. वरच्या टोकाला किल्ला, तिथून उतरत जाणारा रुंद रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दगडी फरसबंदीवर शनिवारी लागणारा बाजार. ओळखीचं कुणी भेटण्याची शक्यता कमी, गर्दी भरपूर, दिवसाउजेडी. ही निवड मला पसंत पडली. पहिलं पाऊल नेहमी अशा जागी टाकावं, जिथे लाजेखेरीज दुसरं काही पणाला लागत नाही. नोकरी नाही, सुरक्षितता नाही.

जाण्याआधी काय काय होईल ते लिहून काढायला लावलं. त्यांनी लिहिलं : सगळे वळून बघतील. निदान दहा जण फोटो काढतील. मी रडत परत येईन. हा कागद आधी लिहिणं फार महत्त्वाचं, कारण नंतर मन आपलं भाकीत सोयीने बदलतं. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा छान प्रयोग केला होता, तो 2000 साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना लाजिरवाणं चित्र असलेला टी-शर्ट घालून वर्गमित्रांमध्ये पाठवलं. त्यांना वाटलं, जवळपास निम्म्यांनी चित्र पाहिलं असणार. पाहिलं होतं जेमतेम पाव लोकांनी. ताईंना मी प्रामाणिकपणे सांगितलं, "टी-शर्टचं ठीक आहे. टूटू मात्र लोकांना दिसेलच. आपल्याला दिसूनही टिकायचंय."

"वरून लांब कोट घातला तर?"

"कोटाखाली तो कसा राहील?"

त्या हसल्या. "नाही राहणार. मोडेल."

टूटूची हीच तर गंमत. 1832 मध्ये पॅरिसला बॅले नर्तिका मारी तालिओनी नाचली तेव्हा तो पोटऱ्यांपर्यंत लांब होता. पुढे पायांचं काम दिसावं म्हणून तो आखूड आणि ताठ होत गेला. तो झाकून घालताच येत नाही.

जूनमधल्या एका कोरड्या शनिवारी त्या गेल्या. पायांत साधे बूट, कारण बॅलेचे बूट फरसबंदीवर फाटतात. गाडीत बसता येईना, म्हणून दाराशी उभ्या राहिल्या. त्यांनी हे सगळं मला मंगळवारी सांगितलं. गाडीत दोघांनी बघून न बघितल्यासारखं केलं. बाजारात सतरापर्यंत वळलेल्या माना मोजल्या, मग मोजायचं विसरल्या. अंडीवाल्या बाईंना काळजी फक्त जाळी ट्रेमध्ये अडकेल याची. दोघींनी फोटो मागितला, विचारून.

आणि मग चीजच्या गाड्यापाशी चार-पाच पोरं मोठ्याने हसली. त्यातल्या एकाने हात वर करून गिरकी घेऊन त्यांची नक्कल केली.

"कान तापले मॅडम. पाय लटपटले. धूड, धूड, असं आतून ऐकू आलं. तुम्ही म्हणाला होतात, तिथून हलायचं नाही, म्हणून थांबले. वेन्स्लीडेल चीज मागितलं. तो माणूस तुकडा कापून कागदात गुंडाळत होता आणि माझ्या मनात आलं, अरे, हा चुकतोय. गिरकीत डोकं अंगाबरोबर वळवत नाहीत. नजर समोर एका ठिकाणी धरायची, अंग वळू द्यायचं आणि डोकं शेवटी झटकन फिरवायचं. नाहीतर भोवळ येते."

"आणि लाज?"

त्या गप्प झाल्या. "तेव्हा नव्हती. कुठे गेली?"

इतक्या वर्षांच्या कामातला हा क्षण मी जपून ठेवला आहे. तोवर मीही समजत होते, की लाज सोसून सोसून बोथट होते. होतेही. पण ताईंच्या बाबतीत वेगळं घडलं. लाजेत नजर स्वतःवर खिळलेली असते : मी कशी दिसते, माझं पोट, माझं वय. त्या पोराची गिरकी पाहताच ताईंची नजर स्वतःवरून निघाली आणि नाचावर गेली. एका वेळी नजर एकाच ठिकाणी असते. तेव्हापासून मी सगळ्यांना 'धीर धरा' म्हणण्याऐवजी विचारते : त्या क्षणी बघायचं कशाकडे, हे ठरवलंय का? गाणाऱ्या आजींना षड्जाकडे, पोहणाऱ्या बाईंना श्वासाकडे. आत्मविश्वास येईपर्यंत थांबू नका. तो नसतानाही माणूस लाल झालेल्या कानांनी चीज विकत घेऊ शकतो. कुणी हसणारच नाही, असं स्वतःला समजावू नका, एखादा हसतोच. आणि ज्यांना पूर्वी खरोखर मारहाण किंवा अत्याचार सोसावा लागलाय, त्यांनी असा प्रयोग एकट्याने करू नये, सोबत घ्यावी.

शेवटच्या भेटीत ताईंनी टूटू कॅमेऱ्यासमोर उलटा धरला. आता तो वर्गात जातो. एका थरावर अंड्याच्या ट्रेने पाडलेला बारीक खोंबारा होता, रफू केलेला.

"शिवण कुणी शिकवलं तुम्हाला?" मी इतके दिवस हे विचारलंच नव्हतं.

"आत्यानेच. तिच्याच मशीनवर."

"आज हा पाहिला असता तर काय म्हणाल्या असत्या?"

त्यांनी रफूवरून बोट फिरवलं.

"टाके बारीक घातलेस, म्हणाली असती."