पाऊस माणसामुळं बिघडला का? बैठकीतल्या प्रश्नांची उत्तरं

परवाच्या बैठकीत एका काकांनी विचारलं, साहेब दुष्काळ तर 1972 लाही पडला होता, तवा कुठं एवढ्या गाड्या होत्या, मग आता सगळं माणसाच्या माथी कायले मारता? प्रश्न रास्त आहे. 1972 ला एल निनो होता, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं होतं, तसं झालं की मान्सून ढिला पडते, ते निसर्गाचंच आहे अन् पुढंही होत राहीन.

पण एखादं साल कोरडं जाणं वेगळं अन् सगळ्या पृथ्वीचं टेम्परेचर चढत जाणं वेगळं. आयपीसीसी म्हणजे हवामान बदलाचा अभ्यास मांडणारी संयुक्त राष्ट्रांची समिती, तिच्या 2021 च्या रिपोर्टमधी 1850-1900 च्या मानानं 2010-2019 मधी माणसामुळं झालेली वाढ सुमारे 1.07 अंश धरली आहे, कमीजास्त म्हटलं तर 0.8 ते 1.3. म्हणजे शंका आहे ती एवढ्याच फरकाची, माणसाचा हात आहे का याची नाही. सूर्यामुळं असतं तर आभाळाच्या वरच्या थरातली हवाही तापली असती, ती तर उलट थंड होत चालली.

पावसाचं मात्र एवढं सरळ नाही. मध्य भारतात मोठ्या अतिवृष्ट्या 1950 ते 2015 मधी जवळपास तिप्पट झाल्या, पण आपल्या एका वावरातल्या एका पावसात माणसाचा वाटा किती हे कोणी काढून देत नाही, अन् त्या हिशोबासाठी पेरणीही थांबत नाही. म्हणून माझा आग्रह आहे, 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, दुबार पेरणीचं बियाणं कोणाच्याच खिशाला परवडत नाही. ठराविक ओळींनंतर एक ओळ खाली सोडा, तिथं डवऱ्याला (कोळप्याला) दोरी गुंडाळून सरी पाडा, पाणी जास्त झालं तर निघून जाते अन् उघाड पडली तर ओल टिकते. सोयाबीनमधी तुरीची ओळ पेरायला चुकू नका, सोयाबीन गेलं तरी हाताशी काही राहते.

पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचल्यावर उरलेली झाडं, जाळल्यानं जग तापते का, असंही एकानं विचारलं. त्या धुरातला कार्बन पऱ्हाटीनं त्याच हंगामात हवेतूनच घेतलेला असते, खरी भर पडते कोळसा अन् डिझेलनं. तरी जाळू नका भाऊ, जमिनीचा सेंद्रिय कर्ब तुमचाच जाते. अन् धुऱ्यावर (बांधावर) रचूनही ठेवू नका, त्यातल्या बोंडात गुलाबी अळी दबून बसते, श्रेडरनं बारीक करून खतात कुजवा.