फ्रिज नसलेल्या खोलीवरची प्रथिनं

खोलीवर फ्रिज नाही म्हणून रोज पनीर विकत आणू नकोस, परवडणार नाही. आधी सोयाबीनच्या वड्या घे. कोरड्या 100 ग्रॅम वड्यांत साधारण 50 ग्रॅम प्रथिनं असतात. गरम पाण्यात 10 मिनिटं भिजव, दोनदा घट्ट पिळ, मगच फोडणीत टाक. न पिळता टाकल्या तर उग्र वास राहतो आणि तू त्या पुन्हा खाणार नाहीस.

मग फुटाणे. सालासकट घे, 100 ग्रॅमला वीसेक ग्रॅम प्रथिनं.

शेंगदाणे मात्र एकदम 5 किलो भरू नकोस. तेलकट असल्यामुळे खवट होतात, पावसाळ्यात बुरशी धरतात. बुरशी दिसली किंवा कडू लागले तर निवडत बसू नकोस, सगळे फेकून दे. त्या बुरशीचं विष भाजूनही पुरतं जात नाही. अर्धा किलोच आण, मंद आचेवर भाज, पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भर.

मासे खात असशील तर सुकट आण. आमच्या कोकणात पावसाळ्याची बेगमी तीच! खडखडीत वाळलेली बघून घे, कांदा-कोकम घालून परतून घे, भाकरीबरोबर खा.

मटकी मात्र एका दिवसापुरतीच भिजव. मोड आल्यावर उन्हाळ्यात ती लगेच आंबते.