माल दगडापेक्षा मऊ हवा

तुझी अडचण खरी आहे. वादळानंतर फिलिपिन्सच्या बाटानेस बेटांवरच्या बास्को गावातल्या मालकांना जुनं चुना-दगडाचं घर ‘पक्कं’ करून हवं आहे, सिमेंटची गोणी हाताशी आहे, आणि तू त्यांना वारशाचं महत्त्व सांगत बसला आहेस. ते ऐकणार नाहीत. वारसा राहू दे, भिंत कशी टिकते ते सांग.

आणि तुझ्या टिपणातलं ‘हजारो वर्षांची परंपरा’ आधी खोड. इथल्या मूळच्या इवातान लोकांची जुनी घरं लाकूड-गवताची होती. १७८३ मध्ये स्पॅनिशांनी बाटानेस बेटं ताब्यात घेतली, गव्हर्नर जनरल होसे बास्को इ वार्गासचं नाव राजधानीला मिळालं. इजांग या टेकडीवरच्या तटबंद वस्त्यांतली माणसं खाली आणून वसवली गेली. त्या सत्तेविरुद्ध उठलेल्या अमान दांगातला १७९१ मध्ये फाशी झाली. चुना-दगडाचं बांधकाम आलं ते त्याच अठराव्या शतकाच्या अखेरीस. तेव्हा मालक म्हणाला, ‘पूर्वजांनी चुना घेतला, आम्ही सिमेंट घेतो’, तर त्याला इतिहास शिकवू नकोस. नवी खोली बांधू दे सिमेंटची खुशाल. जुन्या भिंतीला मात्र ते लागता कामा नये.

का? माल, म्हणजे दगड सांधणारं मिश्रण, दगडापेक्षा मऊ हवा म्हणून. तुझी भिंत ६० सेंटिमीटर ते मीटरभर जाड, आत-बाहेर दगडांच्या दोन फळ्या, मध्ये कपच्या आणि चुना. पाऊस तीत शिरणारच. तो दरजांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, वाळून बाहेरही पडला पाहिजे. दरजेत सिमेंट भरलंस की केसाएवढ्या चिरेतून पाणी आत जातं आणि बाहेर निघत नाही. समुद्राचं मीठ दगडाच्या पाठीमागे साचून स्फटिक धरतं, दगडाचे पापुद्रे सुटतात, शेवटी सिमेंटचा तुकडा दगडाचं तोंड घेऊनच खाली येतो. आणि लोक म्हणतात, चुना जुना झाला होता!

आता कृती. पूर्वी प्रवाळ भाजून चुना करत. आज फिलिपिन्समध्ये प्रवाळ काढणं गुन्हा आहे, तेव्हा चुनखडीचा कळीचा चुना (भाजलेला, अजून पाणी न घातलेला) मागव. तो पाण्यात विरवून, चाळून, वर पाण्याचा थर ठेवून किमान तीन महिने मुरू दे. घाई केलीस तर न विरलेले खडे गिलाव्यात फुगून खड्डे पाडतील. एक भाग मुरलेला चुना, तीन भाग खरखरीत वाळू. किनाऱ्याची वाळू असेल तर गोड्या पाण्यात धू. निथळलेलं पाणी जिभेला लावून बघ, खारट लागलं की पुन्हा धू. इथे कंटाळा केलास तर पुढचं सगळं काम वाया जाईल.

जुनी दरज तिच्या रुंदीच्या दुपटीइतकी खोल उकर, छिन्नी-हातोडीने. यंत्र लावू नकोस. दगड भिजव, पाणी निथळू दे, मग माल दाबून भर. थर १० मिलिमीटरच्या आसपास. आठवडाभर ओलं गोणपाट. चुना हवेतून हळूहळू घट्ट होतो, महिन्याला साधारण मिलिमीटरभर, म्हणून मार्च ते मे धर. वादळं तोंडावर असताना दरजा उघड्या टाकू नकोस.

भूकंपाचं तू विचारलंस, ते मात्र रास्त. २७ जुलै २०१९ ला इत्बायात बेटावर दगडी घरं कोसळली, नऊ माणसं गेली. पण उपाय सिमेंटचा लेप नाही, बाबा! भिंतीच्या दोन फळ्या एकमेकींपासून सुटतात, हा खरा धोका. दोन्ही फळ्या पकडणारे आरपार दगड घाल, माथ्यावर लाकडी पट्टा सलग फिरव, छपराचे वासे त्याला बांध. तरीही माल मऊच. मला हट्टी म्हणतात; म्हणू देत. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापणाऱ्याला दहा वर्षांनी कोणी जाब विचारत नाही, आणि दहा वर्षं थांबायची तयारी असल्याशिवाय या कामात पडू नये, असं माझं मत आहे.

छपराच्या कोगोन गवताचं आणि त्यावरच्या दोरांचं वेगळं लिहीन. त्याआधी बघ, मालक वाऱ्याकडच्या बिनखिडकीच्या भिंतीत खिडकी मागतो आहे का. मागत असेल तर नाही म्हण. आणि जोत्यापासून गुडघ्यापर्यंतच्या भिंतीचे फोटो पाठव; मिठाचा पांढरा पट्टा कुठवर चढला आहे ते खडूने आखून.