वाचकांचे प्रश्न : लहान धावपट्टीवरून विमानप्रवास

प्रश्न : लग्नासाठी घरच्या सहा जणांना पुण्याहून धुळ्याला न्यायचं आहे. आजोबांना आठ-नऊ तासांचा गाडीप्रवास झेपणार नाही, म्हणून चार्टर विमान बघतोय. धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीवर उतरता येतं असं कळलं. कंपनीला काय काय विचारून घ्यावं?
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : भावाच्या आधी परवाना विचारा. पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्याकडे डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट लागतं. परमिटची प्रत आणि विमानाचा ‘व्हीटी’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, दोन्ही मागवा. ते विमान त्या परमिटवर आहे ना, हे बघा. ऐनवेळी दुसरंच विमान समोर आणलं, तर त्याचा क्रमांक पुन्हा पडताळा. दलालाचा भाव फारच स्वस्त वाटला, तर मालकाच्या खासगी वापराचं विमान भाड्याने फिरवलं जात असण्याची शक्यता असते. ते बेकायदा आहे, आणि काही बरंवाईट झालं तर विम्याचा दावा तिथेच अडकतो.

मग परवानग्या. पुण्याचं लोहगाव विमानतळ हवाई दलाचं आहे. तिथे नागरी विमानाला ठरावीक वेळेचा स्लॉट मिळतो. गोंदूर महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीच्या ताब्यात आहे. कागदपत्रं चार्टर कंपनीच करते, पण ‘होऊन जाईल’ या उत्तरावर थांबू नका. स्लॉट हातात आला का, असंच विचारा.

कोटेशनमध्ये विमानाची रिकामी फेरी धरली आहे का, तेही बघा. विमान मुंबईहून येणार असेल तर मुंबई-पुणे हा रिकामा टप्पाही बिलात येतो. थांबण्याचा आकार आणि वैमानिकांचा मुक्काम वेगळा.

आजोबांचं म्हणाल तर, लहान धावपट्टीवर ॲम्ब्युलिफ्ट, म्हणजे चालता न येणाऱ्याला विमानाच्या दारापर्यंत उचलणारी गाडी, नसते असंच धरून चाला. किंग एअरसारख्या लहान विमानाच्या दारातल्या पायऱ्या अरुंद असतात आणि आत ताठ उभं राहता येत नाही. दोन धडधाकट माणसं सोबत ठेवा, आणि दाराचा फोटो आधीच मागवून घ्या. बहुतेकांना हे सुचत नाही आणि मग विमानाच्या दारातच खोळंबा होतो.

प्रश्न : भाचीने विमान चालवण्याचा खासगी परवाना काढला आहे. तिच्या क्लबचं सेसना १७२ चार आसनी आहे, पण ‘मामा, मी धरून तिघंच, आणि निघू पहाटेच’ म्हणते. उगाच घाबरते का?
– एक वाचक, औंध

उत्तर : अजिबात नाही, तिचा हिशेब चोख आहे. १७२ एस या मॉडेलचं उड्डाणावेळचं कमाल वजन ११५७ किलो. रिकामं विमान साधारण ७६५ किलोचं. राहिले ३९०. टाक्या पूर्ण भरल्या तर वापरता येणारं इंधन २०० लिटर, म्हणजे जवळपास १४५ किलो. आता माणसं आणि सामान मिळून २४५ किलो उरले. पंच्याहत्तर किलोची तीन माणसं बसली की सामानाला वीसच किलो राहतात.

इंधन निम्मं केलं तर चौघं बसतील, पण लांब जाता येणार नाही. वरच्या प्रश्नातलंच उदाहरण घ्या. पुणे-धुळे हवाई अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. हे विमान तासाला साधारण ३५ लिटर पितं. जाऊन-येऊन पावणेतीन तास धरले तर निम्म्या टाकीत राखीव काहीच उरत नाही. तिकडे ॲव्हगॅस, म्हणजे अशा लहान विमानांचं पेट्रोल, मिळणार असेल तरच हा पर्याय. जेट विमानांचं इंधन, एटीएफ, या विमानाच्या इंजिनाला चालत नाही.

त्यात उन्हाळा. उकाड्याने हवा विरळ होते, पंख आणि इंजिन दोन्हींचा जोर घटतो. पुण्याच्या उंचीवर ४० अंशांत विमानाला साधारण १६०० मीटर उंचीवरची हवा असल्यासारखं वाटतं. समुद्रसपाटीला १५ अंशांत सुमारे २९० मीटर धावून उठणारं हेच विमान इथे ४२० मीटरच्या आसपास धावतं, आणि उठल्यावर चढतंही सावकाश. म्हणून ती पहाटेची वेळ सांगत असणार.

वजन कुठे ठेवलं, यालाही महत्त्व आहे. मागच्या कप्प्याची मर्यादा ५४ किलो, पण तेवढं ठेवून मागे दोन दणकट माणसं बसली तर भारमध्य मागे सरकतो, नाक वर जाऊ पाहतं आणि विमान सावरणं अवघड होतं. तेव्हा तिने वजन विचारलं तर खरं सांगा, सामानासकट. आणि भाडं म्हणून तिच्या हातात काही ठेवू नका. या परवान्यावर मोबदला घेता येत नाही.

प्रश्न : धुळ्याहून परतीला संध्याकाळी सहाची वेळ मागितली तर चार्टर कंपनी ‘साडेचारपर्यंत निघा’ म्हणते. का?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : धावपट्टीवर रात्रीचे दिवे नसतील तर उड्डाण उजेडातच उरकावं लागतं. नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्य सहाच्या आतबाहेर मावळतो. साडेचार म्हटलं की पाहुण्यांच्या निरोपानिरोपीला तासभर सापडतो, एवढाच त्यातला अर्थ. उशीर झाला तर विमान रात्रभर तिथेच, आणि खर्च तुमच्या माथी.

सकाळी धुकं असेल तर उलटं होतं. उजेडातही डोळ्यांनी बघून उतरायचं तर साधारण पाच किलोमीटर दृश्यमानता लागते, आणि ती येईपर्यंत विमान लोहगावलाच थांबतं. लग्नाचा मुहूर्त सकाळचा असेल तर आदल्या दिवशीच जा. विमान उतरण्याआधी धावपट्टीवरून खालून एक फेरी मारून पुन्हा वर गेलं, तर घाबरू नका. कुत्री किंवा गुरं आडवी नाहीत ना, हे वैमानिक बघतो.

प्रश्न : सोबत काय न्यावं?
– एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : कडक सुटकेस नको, मऊ पिशव्या न्या, त्या लहान कप्प्यात दाबून बसतात. मूळ ओळखपत्र, पाणी, खाणं, आणि टॅक्सीवाल्याचा नंबर, कारण धावपट्टीबाहेर रिक्षा उभी नसते. पॉवर बँक हातातल्या पिशवीत. लोहगावला फोटो काढायला मनाई आहे.

एक मात्र कटाक्षाने पाळा. विमानाचा फिरता पंखा (प्रोपेलर) दिसत नाही. पंखा पूर्ण थांबून वैमानिक स्वतः खाली येईपर्यंत विमानाजवळ जाऊ नका. गेल्यावरही नाकाच्या बाजूने नको, शेपटीकडून चला. पदर-ओढणी खोचून घ्या, मुलांचा हात सोडू नका, आणि टोपी उडाली तर उडू द्या.