परदेशात विमान उडवताना घेतलेली शेतजमीन: दोन खरेदीपत्रं, दोन उत्तरं

प्रश्न: मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. २०१४ पासून आखातातल्या एका विमान कंपनीत पायलट होतो. डिसेंबर २०१९ मध्ये रजेवर आलो तेव्हा नंदगडच्या बाजूला दीड एकर जमीन १८ लाखांना घेतली. पैसे एनआरई खात्यातून (परदेशातली कमाई ठेवायचं एनआरआयचं इथलं खातं) दिले. कोविडमध्ये विमानं थांबली आणि १० जून २०२० ला वंदे भारतच्या विमानाने घरी आलो. जुलैत कंपनीने कामावरून काढल्याचं पत्र पाठवलं. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच जमिनीला लागून ३० गुंठे घेतले. ११ नोव्हेंबर २०२१ ला पुन्हा आखातात नोकरीवर गेलो आणि मे २०२५ मध्ये कायमचा परत आलो. आता बांधावरून शेजाऱ्याशी भांडण लागलंय. तो म्हणतो, एनआरआयने शेती घेतली म्हणून ईडीला कळवतो. एक परिचित सांगतात, आईच्या नावावर मागच्या तारखेचा कागद करून टाक. आईला रात्रीची झोप नाही. काय करू?

उत्तर: आधी आईंसाठी सांगतो. फेमा, म्हणजे १९९९ चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा, हा दिवाणी स्वरूपाचा आहे. या खरेदीसाठी कुणी पोलीस घेऊन दारात येणार नाही. जुन्या १९७३ च्या फेरा कायद्यात तुरुंगाची भीती होती आणि आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या मनात तीच बसली आहे. त्यांना हे आजच सांगा.

तुमची पहिली खरेदी चुकली आहे, दुसरी बरोबर आहे. शेजाऱ्याच्या नजरेत दोन्ही जमिनी एकच असल्या तरी कायद्याच्या नजरेत त्या वेगळ्या आहेत.

तुमच्या सीएंनी सांगितलं की कर्नाटकात आता कुणीही शेतजमीन घेऊ शकतो. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. कर्नाटक जमीन सुधारणा कायद्यातली ७९-अ आणि ७९-ब ही कलमं राज्याने २०२० मध्ये काढून टाकली, तीही मागच्या तारखेपासून. त्यामुळे शेतीबाहेरचं वार्षिक उत्पन्न २५ लाखांच्या आत असण्याची अट आता तुम्हाला आडवी येत नाही. पण ही झाली राज्याची परवानगी. एनआरआयने शेतजमीन, मळ्याची जमीन किंवा फार्महाऊस विकत घेऊ नये, हा केंद्राचा नियम आहे आणि तो अजून तसाच आहे. बेळगावात फ्लॅट घेतला असता, प्लॉट घेतला असता, तर काही प्रश्न नव्हता. वडिलोपार्जित जमीन वारसाने आली असती तरी नव्हता. अडचण आहे ती शेतजमीन विकत घेण्याची.

"मी शेतकऱ्याचाच मुलगा आहे," असं तुम्ही पत्रात दोनदा लिहिलं आहे. पलीकडे चंदगडला महाराष्ट्राचा कायदा लागतो, तिथे शेतकरी असण्याला मोठा अर्थ आहे. फेमा ते विचारतच नाही. व्यवहाराच्या दिवशी तुम्ही भारतात निवासी होता की नव्हता, एवढंच तो विचारतो.

निवासी कोण, हे ठरवताना बहुतेक लोक चुकीच्या वर्षाचे दिवस मोजतात. खरेदी ज्या वर्षात झाली त्याच्या आधीच्या आर्थिक वर्षात १८२ पेक्षा जास्त दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं, आणि परदेशात नोकरीसाठी गेलेला माणूस त्यातून वगळला जातो. दिवस आणि हेतू दोन्ही बघायचे असतात, हे रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये परदेशी नागरिकांच्या मालमत्तेच्या संदर्भात स्पष्ट केलं आहे. डिसेंबर २०१९ ला तुम्ही नोकरीत होता आणि फक्त रजेवर आला होता. तिथे वाद घालण्यासारखं काही नाही. ऑगस्ट २०२१ साठी मात्र बघायचं वर्ष २०२०-२१. त्यात १० जूनपासून ३१ मार्चपर्यंत तुम्ही सलग २९५ दिवस घरी होता आणि नोकरी संपलेली होती. म्हणजे ३० गुंठे तुम्ही निवासी असताना घेतले. पुढे नोव्हेंबरात परत गेलात म्हणून ते बिघडत नाहीत. निवासी असताना मिळवलेली मालमत्ता परदेशी गेल्यावरही ठेवता येते, हे फेमाच्या कलम ६(५) मध्ये लिहिलेलं आहे.

म्हणून जुलै २०२० चं ते काढल्याचं पत्र सोन्यासारखं जपा. त्या काळात कितीतरी पायलटांना बिनपगारी रजेवर पाठवलं होतं. तुमच्या हातात काढल्याच्या पत्राऐवजी रजेचं पत्र असतं, तर नोकरी चालूच होती असं म्हटलं गेलं असतं आणि दुसरी खरेदीही पहिलीच्याच रांगेत जाऊन बसली असती.

आता दीड एकराचं बघू. फेमाच्या कलम १३ प्रमाणे दंड व्यवहाराच्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. तुमच्या बाबतीत ५४ लाख. ही कमाल मर्यादा आहे, पण ती माहीत असलेली बरी. अधिकारी ती मालमत्ता जप्त करण्याचा आदेशही देऊ शकतो. यातून बाहेर पडायचा सरळ रस्ता म्हणजे कंपाउंडिंग. रिझर्व्ह बँकेकडे स्वतःहून जाऊन चूक मान्य करायची आणि ठरेल ती रक्कम भरून प्रकरण मिटवायचं. २०२४ च्या नियमांप्रमाणे अर्जाची फी १०,००० रुपये आणि जीएसटी. अर्जाचा निकाल १८० दिवसांत व्हायला हवा आणि आदेश झाल्यावर १५ दिवसांत रक्कम भरावी लागते. जमीन ठेवू द्यावी अशी विनंती अर्जात जरूर करा, कारण आज तुम्ही कायमचे परत आला आहात. पण ती विकावी लागेल, याची मनाची तयारी आत्ताच ठेवा. शेजाऱ्याने तक्रार करण्याआधी आणि ईडीची नोटीस येण्याआधी हा अर्ज गेला पाहिजे. स्वतःहून आलेल्या माणसाकडे आणि पकडलेल्या माणसाकडे कुणीही वेगळ्या नजरेने बघतं.

मागच्या तारखेचा कागद अजिबात करू नका. मी हे कळकळीने सांगतोय. ई-स्टॅम्पवर तारीख आणि वेळ छापलेली असते आणि दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत सब-रजिस्ट्रारकडे हजर करावा लागतो. मागची तारीख घातली की आजवर दिवाणी असलेली चूक बनावट दस्तऐवजाचा फौजदारी गुन्हा होते. शिवाय पैसा तुमचा आणि नाव एकट्या आईचं, असं दाखवायला गेलात तर बेनामी कायदा उभा राहतो. त्यात पत्नी आणि मुलांच्या नावाला सूट आहे. आई-वडिलांच्या बाबतीत मात्र कागदावर तुमचंही नाव जोडीला असावं लागतं. शिक्षा एक ते सात वर्षं सक्तमजुरी. आईंच्या नावाला हे लावून घेऊ नका.

पहिल्या खरेदीपत्राची प्रत मी वाचली. दुसऱ्या पानावर खरेदीदाराच्या नावापुढे कन्नडमध्ये छापलं आहे: "उद्योग: ओक्कलुतन". म्हणजे धंदा शेती, आणि पत्ता गावचा. तुम्हाला कन्नड वाचता येत नाही आणि दस्तलेखकाने नेहमीचा मजकूर टाकला, हे मी समजू शकतो. सीमाभागात आपल्यापैकी निम्मी माणसं असेच न वाचता अंगठे आणि सह्या करतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. पण रिझर्व्ह बँकेच्या अर्जात हे लपवू नका. पैसे एनआरई खात्यातून चेकने गेले आहेत, ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे. लपवायचंच असतं तर कुणी तसं केलं नसतं.

तिकडचं बँक खातं बंद करायची गरज नाही. परदेशी राहत असताना कमावलेलं कलम ६(४) प्रमाणे तसंच ठेवता येतं. इथली एनआरई, एनआरओ खाती मात्र बँकेला कळवून लगेच बदलून घ्या.

आयकराचं गणित तुमच्या बाबतीत काठावर आहे. २०२५-२६ साठी "निवासी, पण सामान्यतः निवासी नाही" हा दर्जा मिळाला तर तिकडच्या व्याजावर इथे कर नाही आणि परदेशी मालमत्तेचं शेड्यूल एफए भरायचं नाही. आधीच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असण्याची अट कोविडच्या मुक्कामामुळे तुम्हाला बसत नाही. दुसरा रस्ता म्हणजे आधीच्या सात वर्षांत भारतात एकूण ७२९ किंवा त्याहून कमी दिवस. त्यातले सुमारे ५२० कोविडच्या मुक्कामातच गेले. उरलेल्या काळातल्या सगळ्या रजा, शिवाय मुंबईला ड्युटीवर काढलेले रात्रीचे मुक्काम, सुमारे २०९ दिवसांत बसले पाहिजेत. तुमची लॉगबुक काढा. त्यातल्या वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात. लॉगबुकात २०:३० ला उतरल्याची नोंद असेल तर इथे दुसऱ्या दिवसाचे पहाटेचे दोन वाजलेले असतात, म्हणून तारखा भारतीय वेळेने पुन्हा मांडा. दर्जा चुकवून परदेशी मालमत्ता दाखवायची राहिली तर काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्याखाली दंड १० लाखांचा आहे. एकेक दिवस मोजा.

शेजाऱ्याचा बांधाचा वाद यात मिसळू देऊ नका. त्याच्याशी ईडीवर बोलू नका, गयावया करू नका. तहसील कचेरीत हद्दबस्ताचा, म्हणजे हद्द मोजून ठरवून घेण्याचा अर्ज द्या आणि सर्व्हेअर येईल त्या दिवशी दोन्ही उताऱ्यांच्या नकला घेऊन स्वतः बांधावर उभे राहा. मला भेटायला याल तेव्हा दोन्ही खरेदीपत्रं, जुलै २०२० चं पत्र, सगळे पासपोर्ट आणि लॉगबुक आणा. आणि आईंनाही घेऊन या. त्यांच्याशी मी स्वतः बोलेन.